‘पुन्हा नको’ म्हणजे नेमके काय? मराठवाडा : १९४८, १९७८, १९९४

१/
परभणीहून जिंतूरकडे निघाले की वाटेत बोरी लागते. दरवर्षी १७ सप्टेंबरला सकाळी मराठवाड्यातल्या इतर गावांप्रमाणे येथेही तिरंगा फडकतो, मुक्तिसंग्रामाची भाषणे होतात, रझाकारांच्या जुलमाच्या आठवणी सांगितल्या जातात. ही भाषणे बहुधा १७ सप्टेंबर १९४८ या तारखेपाशी येऊन थांबतात. हा धागा त्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होतो.

२/
प्रश्न साधा आहे. संघर्ष संपला, एक बाजू हरली, एक जिंकली. आता तेच अत्याचार पुन्हा होऊ नयेत, ना त्याच लोकांवर, ना दुसऱ्या कोणावर, यासाठी राज्यसंस्थेने काय करायचे असते? संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २००५ मध्ये पीडितांच्या हक्कांविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली, त्यांत भरपाईच्या जोडीने ‘पुनरावृत्ती न होण्याची हमी’ हा स्वतंत्र मुद्दा आहे. लष्करावर आणि पोलिसांवर नागरी नियंत्रण, स्वतंत्र न्यायव्यवस्था, अत्याचाराला वाव देणाऱ्या कायद्यांची दुरुस्ती, शिक्षण, असे त्याचे घटक. १९४८ मध्ये ही परिभाषा नव्हती. प्रश्न मात्र होता, आणि मराठवाड्यापुढे तो तीस वर्षांच्या अंतराने दोनदा उभा राहिला.

३/
पार्श्वभूमी बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. हैदराबाद हे देशातल्या सर्वांत मोठ्या संस्थानांपैकी एक. राजा मुस्लीम, प्रजा बहुसंख्य हिंदू. त्यातले पाच मराठी जिल्हे म्हणजे औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद. निझाम मीर उस्मान अली खान याने २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारताशी ‘जैसे थे’ करार केला आणि स्वतंत्र राहण्याचे मनसुबे चालू ठेवले. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसचा लढा तुरुंगात, भूमिगत आणि सरहद्दीपलीकडच्या कॅम्पांतून चालला होता.

४/
रझाकार ही लातूरचा वकील कासीम रझवी याच्या नेतृत्वाखालची निमलष्करी संघटना. तिच्या अत्याचारांविषयी शंका घेण्यास जागा नाही. बिदर जिल्ह्यातील गोरटा, तेलंगणातील भैरनपल्ली ही नावे आजही तिथले लोक विसरलेले नाहीत. त्याआधीच, १९४६ मध्ये, नांदेड जिल्ह्यातील अर्जापूर येथे गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली होती. २२ ऑगस्ट १९४८ च्या सुमारास हैदराबादेत ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचा तरुण संपादक शोएबुल्ला खान मारला गेला. भारतात विलीन व्हावे असे तो लिहीत होता. सरहद्दीलगतची कित्येक कुटुंबे घरदार सोडून वऱ्हाडात गेली.

५/
१३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानात शिरले. १७ तारखेला निझामाने शस्त्रसंधी जाहीर केली, दुसऱ्या दिवशी जनरल एल एद्रूस याने मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. अधिकृत भाषेत ‘ऑपरेशन पोलो’, बोलीत ‘पोलीस ॲक्शन’. चौधरी लष्करी राज्यपाल झाले. रझाकार संघटना मोडली गेली, हजारोंना अटक झाली. येथपर्यंतची गोष्ट प्रत्येक भाषणात असते.

६/
त्या पुढच्या आठवड्यांत मराठवाड्यात आणि लगतच्या कानडी जिल्ह्यांत मुसलमानांच्या कत्तली झाल्या. बातम्या दिल्लीपर्यंत पोहोचल्या तेव्हा नेहरूंनी एक सद्भावना मंडळ पाठवले. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री हे त्याचे सदस्य. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात ते संस्थानाच्या सोळापैकी नऊ जिल्ह्यांत फिरले. सात जिल्ह्यांची मुख्य ठिकाणे, एकवीस शहरे, तेवीस महत्त्वाची गावे त्यांनी पाहिली. शिवाय ज्या १०९ गावांत त्यांना जाता आले नाही, तिथल्या पाचशेहून अधिक लोकांशी ते बोलले.

७/
त्यांचा अंदाज : पोलीस ॲक्शनच्या काळात आणि नंतर संस्थानात किमान २७,००० ते ४०,००० माणसे मारली गेली. सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना. तिथेच सुमारे १८,०००. औरंगाबाद, बीड, नलगोंडा, मेदक या चार जिल्ह्यांत आणखी किमान ५,०००. नांदेड, बीड, औरंगाबाद, उस्मानाबाद हे चारही मराठी जिल्हे या आकडेवारीत येतात, हे नकाशा समोर ठेवून पाहण्यासारखे आहे.

८/
लातूर त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यात होते. कासीम रझवीचे हे शहर. तिथे कत्तल वीसहून अधिक दिवस चालली, असे समितीला आढळले. सुमारे दहा हजार मुस्लीम वस्तीपैकी जेमतेम तीन हजार लोक उरले होते. हजाराहून अधिक मारले गेले होते, बाकीचे जीव घेऊन पळाले होते. एक दिवसाचा उद्रेक निराळा आणि वीस दिवस चालणारी गोष्ट निराळी. वीस दिवसांत कोणीतरी थांबवू शकले असते.

९/
आकड्यांविषयी एक सावधगिरी. ही मोजणी नव्हती, अंदाज होता. तीन माणसे, तीन आठवडे, ऐकीव साक्षी. समितीने स्वतः हा आकडा सावधपणे काढलेला म्हटले. काही अभ्यासक त्याहून बराच मोठा मानतात, काही कमी. इतिहासाच्या विद्यार्थ्याने २७,००० हा आकडा घोषणेसारखा वापरू नये. पण नेमका आकडा ठरत नाही म्हणून घटनाच घडली नाही असे म्हणणे, ही त्याहून मोठी चूक आहे. आकडा पक्का करण्याचे काम राज्यसंस्थेचे होते. ते झाले नाही.

१०/
अहवालात केवळ खून नाहीत. लूट, जाळपोळ, स्त्रियांवरील अत्याचार आणि अपहरणे, घरे आणि जमिनी बळकावणे, सक्तीची धर्मांतरे, मशिदींची विटंबना यांच्या नोंदी आहेत. सोलापूर आणि अन्य ठिकाणांहून आलेल्या सशस्त्र टोळ्यांचा उल्लेख आहे. काही ठिकाणी सैनिक व पोलीस यांनी लुटीला चिथावणी दिली किंवा तीत भाग घेतला, असे समिती म्हणते. आणि इतर ठिकाणी सैन्याच्याच तुकड्यांनी मुसलमानांचे रक्षण केले, हेही ती तितक्याच स्पष्टपणे नोंदवते.

११/
या साऱ्या अहवालात एक नोंद अशी आहे की तिच्यापाशी थांबावेसे वाटते. एकाच धंद्यातल्या माणसांमधली आपुलकी समितीला विशेष जाणवली. काही गावांत हिंदू विणकरांनी मुस्लीम विणकरांचा बचाव केला. हल्लेखोर हिंदूच होते, आणि हा बचाव करताना काही विणकर स्वतः मेले. पळवून नेलेल्या स्त्रियांना परत आणण्यात हिंदू शेजाऱ्यांनी मदत केल्याचीही नोंद आहे. ही माणसे कोण होती, कोणत्या गावची? त्यांच्या नावाने एकही चौक नाही. १७ सप्टेंबरच्या भाषणांत त्यांना सहज जागा मिळू शकली असती.

१२/
‘हा तर रझाकारांच्या जुलमाचा बदला होता’, हे उत्तर लगेच येते. त्यात तथ्य किती? सूडाची भावना खरी होती, आणि समितीनेही रझाकारांच्या अत्याचारांची पार्श्वभूमी नाकारली नाही. पण बदला गुन्हेगारावर घेतला जातो, असा समज असतो. इथे मेलेले बहुसंख्य रझाकार नव्हते. ते विणकर, मजूर, छोटे दुकानदार, शेतकरी आणि त्यांची कुटुंबे होती. खरा रझाकार एक तर अटकेत होता, नाहीतर पळालेला. शिक्षा कोणाला, हे न्यायालयाने न ठरवता जमावाने ठरवले की नेहमी असेच होते.

१३/
हे उलट बाजूने सांगणारा एक माणूस आहे. फरीद मिर्झा हे नांदेड जिल्ह्यात निझामाच्या सेवेत तहसीलदार. रझाकारांचे अत्याचार पाहून त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. ऑगस्ट १९४८ मध्ये सात मुसलमानांनी रझाकारांविरुद्ध जाहीर निवेदन काढले, त्यांत ते होते. हे निवेदन शोएबुल्ला खानने आपल्या पत्रात छापले होते. पोलीस ॲक्शननंतर जे घडले त्याचीही नोंद याच मिर्झांनी पुढे आपल्या आठवणींत केली. एकाच माणसाने दोन्ही गोष्टी लिहिल्या. तसे करणारे फार थोडे निघाले.

१४/
मग अहवालाचे काय झाले? तो छापला गेला नाही. सरदार पटेलांना तो एकांगी वाटला; रझाकारांनी आधी केलेल्या अत्याचारांकडे त्यात दुर्लक्ष झाले, असा त्यांचा आक्षेप होता. १९८८ मध्ये ओमर खालिदी यांनी संपादित केलेल्या ग्रंथातून त्याचा मजकूर पुढे आला आणि २०१३ मध्ये ए. जी. नूरानी यांच्या पुस्तकातून तो व्यापक वाचकांपर्यंत गेला. चाळीस वर्षे. एवढ्या काळात लातूरच्या त्या वीस दिवसांचे साक्षीदार वार्धक्याने गेले.

१५/
दाबून ठेवण्यामागची कारणे समजण्यासारखी आहेत. हैदराबादचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत गेलेला होता. काश्मीरमधले युद्ध १ जानेवारी १९४९ च्या युद्धबंदीपर्यंत चालूच होते. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या. नव्या राष्ट्राला भीती होती की हा अहवाल छापला तर नवी आग लागेल. ही भीती खोटी नव्हती. चुकले ते पुढे : आग शमल्यावरही कपाट उघडले गेले नाही.

१६/
तुलनेसाठी एक दूरचे उदाहरण. अर्जेंटिनात १९८३ मध्ये लष्करी राजवट गेली. लेखक अर्नेस्तो साबातो यांच्या अध्यक्षतेखाली बेपत्ता माणसांचा शोध घेणारा आयोग नेमला गेला. १९८४ मध्ये त्याने जवळजवळ नऊ हजार बेपत्तांची नोंद असलेला अहवाल दिला, आणि तो पुस्तकरूपाने दुकानांत विकला गेला. शीर्षकाचा अर्थ : ‘पुन्हा कधीही नाही’. पुढच्याच वर्षी लष्करशहांवर खटला चालला. नंतर माफीचे कायदे आले, खटले थांबले, आणि २००३ ते २००५ च्या दरम्यान ते कायदे रद्द होऊन खटले पुन्हा उभे राहिले. वीस वर्षांनी हे जमले, कारण नावे छापील होती.

१७/
हैदराबादमध्ये न्याय अजिबात झाला नाही असे नाही. विशेष न्यायाधिकरणे नेमली गेली. जानेवारी १९४८ मधील बीबीनगरच्या दरोड्याच्या खटल्यात कासीम रझवीला शिक्षा झाली. त्याचे अपील १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले. १९५७ मध्ये सुटून तो पाकिस्तानात गेला. याच्या शेजारी ठेवून वाचावा असा दुसरा खटला हबीब मोहम्मद या वरंगळच्या सुभेदाराचा. एका गावाची जाळपोळ आणि हत्या यांचा आरोप. सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्ये त्याची शिक्षा रद्द केली, कारण घटनास्थळी हजर असलेला महत्त्वाचा पोलीस अधिकारी साक्षीला बोलावलाच नव्हता.

१८/
हरलेल्या राजवटीच्या अधिकाऱ्यालाही न्याय्य खटला मिळाला पाहिजे, हे नव्या प्रजासत्ताकाच्या न्यायालयाने सांगितले. पुनरावृत्ती टाळण्याचा याहून चांगला धडा क्वचितच सापडेल. मात्र पारड्याची दुसरी बाजू हलकीच राहिली. पोलीस ॲक्शननंतरच्या कत्तलींविषयी बीबीनगरसारखा गाजलेला, लोकांच्या तोंडी राहिलेला एकही खटला नाही. आणि ज्याच्या नावाने राज्य चालले तो निझाम २६ जानेवारी १९५० रोजी राजप्रमुख झाला, १९५६ पर्यंत त्या पदावर राहिला.

१९/
एका बाबतीत मात्र काम खोलवर झाले : जमीन. १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या, १९५० मध्ये हैदराबादचा कूळ कायदा आला. रझाकारांना बळ देणारी आणि खेड्यातल्या जुलमाला आधार देणारी सरंजामी चौकट कायद्याने मोडली. अंमल कोठे किती झाला हा निराळा अभ्यास आहे. पण ज्या रचनेतून अत्याचार निघाला ती रचनाच बदलायची, ही दृष्टी त्यात होती.

२०/
१ नोव्हेंबर १९५६ ला संस्थान तीन राज्यांत वाटले गेले. मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. कागदपत्रे उर्दूत, बरीचशी हैदराबादेत. वाचक मराठी, मराठवाड्यात. ज्या पिढीला उर्दू येत होते ती लिहीत नव्हती, जी लिहू लागली तिला उर्दू येत नव्हते. मराठवाड्याचा १९४८ विषयीचा इतिहास त्यामुळे मुख्यतः लढ्याच्या आठवणींतून घडला. ‘मराठवाडा’ हा शब्दच त्या आठवणींचे घर झाला. पुढे जे घडले ते या शब्दावरूनच घडले.

२१/
१९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. २७ जुलै १९७८ रोजी राज्य विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. आंबेडकरांनीच १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय काढून या मागास प्रदेशात उच्च शिक्षणाचे दार उघडले होते. विरोधकांचा युक्तिवाद होता की ‘मराठवाडा’ ही मुक्तिसंग्रामाने मिळवलेली ओळख आहे, ती पुसता येणार नाही. गोविंदभाई श्रॉफ, अनंत भालेराव यांच्यासारखे मुक्तिसंग्रामातले मोठे लोक या बाजूला होते. त्यांनी हिंसेला चिथावणी दिली असे कोणी म्हणू नये. पण त्यांच्या शब्दाला जे वजन होते त्याच्या आडोशाने खेड्यात काही वेगळेच चालू झाले.

२२/
ठराव होताच दलित वस्त्या पेटल्या. नांदेड आणि परभणी हे सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत होते. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत ४ ऑगस्टला पोचीराम कांबळे यांना ठार मारले गेले. घरे जाळली गेली, पिण्याच्या पाण्याच्या वाटा बंद झाल्या, मजुरी बंद झाली, बहिष्कार पडले. अत्याचार विरोधी समितीने गावोगाव फिरून केलेली पाहणी १९७९ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाली. विद्यापीठाची पाटीही न पाहिलेल्या गावांत घरे का जळली, याचे उत्तर तीत आहे : गायरानाची जमीन, मजुरीचे दर, गावकीची कामे नाकारणारी तरुण मुले, शिकलेल्यांचे कपडे.

२३/
१९४८ आणि १९७८ शेजारी ठेवले की साम्य डोळ्यांत भरते. पीडित समाज वेगळा, राजकारण वेगळे. पण दोन्ही वेळा मोठ्या घोषणेच्या आवरणाखाली जमिनीचे आणि गावकीचे जुने हिशेब चुकते झाले. दोन्ही वेळा गावातला अधिकार असणारा माणूस एक तर गप्प राहिला किंवा सामील झाला. दोन्ही वेळा पोलीस उशिरा पोहोचले. १९४८ ची चौकशी उघड झाली असती आणि तिच्यातून पोलीस, तहसीलदार, पोलीस पाटील यांची जबाबदारी ठरली असती, तर १९७८ टळले असते का? असा दावा कोणालाच करता येणार नाही. पण जिल्ह्याच्या प्रशासनाला असल्या प्रसंगी काय करायचे याचा लेखी धडा तरी मिळाला असता.

२४/
फरक एका गोष्टीत पडला. १९४८ चे पीडित विखुरले, गप्प बसले. दाद मागितली तर देशद्रोही ठरण्याची भीती होती. १९७८ चे पीडित गप्प बसले नाहीत. १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. सोळा वर्षे मोर्चे, सत्याग्रह, तुरुंगवास चालू राहिला. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. अहवाल कपाटात ठेवता येतो; रस्त्यावर उभी असलेली माणसे ठेवता येत नाहीत.

२५/
दरम्यान देशपातळीवर कायदा बदलत होता. किळवेन्मणी १९६८, बेलछी १९७७, मराठवाडा १९७८, कारमचेडू १९८५ या मालिकेने एक गोष्ट सिद्ध केली : अस्पृश्यतेचा १९५५ चा कायदा मंदिर, विहीर, दुकान यांपुरता होता, जाळपोळ करणाऱ्या जमावापुढे तो अपुरा होता. १९८९ मध्ये अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा झाला, ३० जानेवारी १९९० पासून लागू झाला. लोक त्याला ‘ॲट्रॉसिटी’ म्हणतात आणि फक्त अटकेविषयी बोलतात. नावातला ‘प्रतिबंधक’ हा शब्द मात्र सहसा कोणी वाचत नाही.

२६/
हा शब्द १९९५ च्या नियमांत उघडून दाखवला आहे. अत्याचार होण्याचा संभव असलेली ठिकाणे शासनाने आधीच हेरायची. तिथे कायदा-सुव्यवस्थेचा आढावा घ्यायचा, गरज पडल्यास इतरांचे शस्त्रपरवाने रद्द करायचे. तपास उपअधीक्षकापेक्षा खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे द्यायचा नाही. पीडितांना मदत, पुनर्वसन, साक्षीला येण्याचा प्रवासखर्च. कर्तव्यात हयगय करणाऱ्या लोकसेवकाला मूळ कायद्याच्या कलम ४ खाली शिक्षा. २०१५ च्या दुरुस्तीने ही हयगय म्हणजे काय तेही सांगितले : तोंडी फिर्याद लिहून न घेणे, ती वाचून न दाखवणे, गुन्हा न नोंदवणे, प्रत न देणे. बोरीला पोलीस ठाणे आहे. या तरतुदीची पहिली परीक्षा अशा ठाण्यातल्या टेबलापाशी होते, दिल्लीत नव्हे.

२७/
आता १९९४. १४ जानेवारीला नामविस्तार जाहीर झाला : डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. दोन्ही नावे राहिली, म्हणून ही तडजोड कोणालाच पुरी रुचली नाही. काही ठिकाणी हिंसा झालीच. पण १९७८ सारखी आगीची लाट उसळली नाही. मने सोळा वर्षांत निवळली होती, हे अंशतः खरे असेल. त्याहून ठोस कारण असे की या वेळी शासन घोषणेआधी तयार होते. बंदोबस्त लागला होता, प्रतिबंधक अटका झाल्या होत्या. १९७८ मध्ये मुख्यमंत्री शरद पवार होते, १९९४ मध्येही तेच. त्याच माणसाच्या हातून दोन वेगळे निकाल लागले, ते मधल्या अनुभवामुळे.

२८/
त्याच वर्षी १७ सप्टेंबरला विद्यापीठाचे विभाजन होऊन नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. परभणी जिल्हा त्याच्या कक्षेत गेला. बोरीच्या पदवीधराच्या प्रमाणपत्रावर आज मुक्तिसंग्रामाच्या नेत्याचे नाव असते, आणि ज्या नावावरून त्याच्या जिल्ह्यात घरे जळली ते शेजारच्या विद्यापीठाच्या पाटीवर. हा योगायोग कोणी ठरवून केलेला नाही. पण या प्रदेशाचा अर्धा इतिहास त्यात सामावला आहे.

२९/
हमी कागदावर असणे आणि प्रत्यक्षात असणे यांतले अंतर दाखवायला दूर जायला नको. १० डिसेंबर २०२४ रोजी, जागतिक मानवी हक्क दिनीच, परभणी शहरात आंबेडकर पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, जाळपोळ, मग धरपकड. अटकेतला एक तरुण कायद्याचा विद्यार्थी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२५ मध्ये पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. आदेश मिळवण्यासाठी मृताच्या आईला न्यायालयात जावे लागले. गुन्हा नोंदवणे हा ज्या व्यवस्थेत सर्वांत सोपा टप्पा असायला हवा, तिथे तोच सर्वांत अवघड ठरला. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने ऑक्टोबर १९९७ मध्ये सही केली आहे. तो संमत करून देशाचा कायदा मात्र अद्याप केलेला नाही.

३०/
शेवटी एक कामाची गोष्ट. १९९५ च्या नियमांपैकी नियम १७ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात एक दक्षता व नियंत्रण समिती असते. जिल्हाधिकारी अध्यक्ष, खासदार, आमदार, पोलीस अधीक्षक, अनुसूचित जाती-जमातींचे अधिकारी व अशासकीय सदस्य. तिची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा झाली पाहिजे. किती खटले उभे राहिले, किती टिकले, मदत कोणाला पोहोचली, कोणत्या गावावर लक्ष हवे, हे तिथे ठरते. या बैठकांची इतिवृत्ते सार्वजनिक दप्तर आहेत. सुंदरलाल समितीचा अहवाल वाचायला चाळीस वर्षे लागली. परभणीच्या या समितीची इतिवृत्ते माहिती अधिकाराच्या दहा रुपयांच्या अर्जावर मागता येतात, आणि उत्तराची मुदत तीस दिवस आहे.